पुढचा व्हिडिओ कोण निवडतं?

(बांदा, जि. सिंधुदुर्ग येथे बचत गटांतल्या बायका, अंगणवाडी सेविका आणि काही शिक्षिका यांच्यासमोर केलेलं हे भाषण. बोलण्याच्या ओघातला मजकूर थोडा आवरून इथे देत आहोत. ज्या मुलामुलींविषयी बोलणं झालं त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)



आधी एक काम करूया. ज्यांच्याकडे मोबाईल आहे त्यांनी तो पिशवीतून बाहेर काढा. यूट्यूब उघडा. काही शोधू नका, नुसतं उघडा. आणि सगळ्यात वर जे चित्र दिसतंय ते शेजारी बसलेल्या बाईला दाखवा.

हसू आलं ना? एकीच्या फोनवर मालवणी विनोदी नाटुकलं आहे, दुसरीच्या फोनवर ब्लाउजचे गळे, तिसरीच्या फोनवर कीर्तन. मागच्या रांगेतल्या काकी म्हणाल्या, "ह्या माझा नाय गो, घोवान बघल्यान आसतला." म्हणजे फोन काकींचा, पण त्यात दिसतंय ते काकांच्या आवडीचं. आपण सगळ्या एकाच भागातल्या, एकाच बाजारात जाणाऱ्या, तरी दोघींच्या फोनवर सारखं काही नाही. आणि यातलं काहीही आपण मागितलेलं नाही.

आज मला एवढ्याचबद्दल बोलायचं आहे. न मागता जे समोर येतं ते कोण ठरवतं, आपल्या मुलांसमोर काय येतं, आणि त्यात आपण काय करू शकतो.

माझी चूक

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं, गेली दहा-बारा वर्षं गावागावांत काम करते. तरी या विषयातली माझी सुरुवात एका चुकीने झाली. ती आधी सांगते.

एका वाडीतली तेरा वर्षांची मुलगी. वडील गोव्यात कामाला, सकाळच्या गाडीने जातात, रात्री परततात. आई काजूच्या कारखान्यात. घरात एक स्मार्टफोन. दिवसा तो आईकडे, संध्याकाळी अभ्यासासाठी मुलीकडे. दोन-तीन महिन्यांत मुलगी रात्रीचा भात टाळू लागली. कधी "पोट भरलंय", कधी "डोकं दुखतंय". एक दिवस शाळेत चक्कर येऊन पडली. आई माझ्याकडे आली तेव्हा रडवेली झाली होती. तेरा वर्षांच्या मुलीला चक्कर आली की गावात काय कुजबूज होते ते तुम्हाला सांगायला नको.

मी फोन पाहिला. वरपासून खालपर्यंत सगळं वजन कमी करण्याचं. सात दिवसांत पोट आत, दिवसाला एकच जेवण, चेहरा बारीक दिसण्याच्या युक्त्या, मधूनमधून गोरं होण्याचे लेप. मी आईला म्हटलं, फोन तिच्या हातातून काढून घ्या. मला वाटलं, झालं काम.

पुढे काय झालं ऐका. फोनवरून काहीतरी भानगड झाली एवढंच वडिलांच्या कानावर गेलं. त्यांनी मुलीला मारलं आणि क्लासही बंद केला. शाळेच्या ग्रुपवर शिष्यवृत्ती परीक्षेची सूचना आली ती तिला कळलीच नाही. आणि ते व्हिडिओ? ते ती चुलत भावाच्या फोनवर बघतच होती. भात अजूनही खात नव्हती. फक्त आता ती घरात कोणाशी बोलत नव्हती.

महिन्याभराने ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "ताई, मी ते शोधलंच नव्हतं. मी शाळेच्या नाचासाठी साडी कशी नेसायची ते बघत होते. ते मागून आपोआप आलं. एक बघितलं, मग सगळे तसलेच यायला लागले. मला वाटलं, सगळ्या मुली हेच करतात."

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. शाळेत चाळीस मुली होत्या, वाडीत मैत्रिणी होत्या, त्या भात खात होत्या. पण फोनमधल्या शेकडो मुली तिला रोज दिसत होत्या, म्हणून तिला त्याच 'सगळ्या मुली' वाटल्या. डॉक्टर, समुपदेशन, आईची चिकाटी यांतून ती आता बरी आहे. मला मात्र कळलं की आपण फोनला दोष देतो, मुलीला दोष देतो, आणि मधे बसून पुढचा व्हिडिओ निवडणाऱ्याबद्दल कोणी बोलतच नाही.

मासळीवाली आणि मोबाईल

हा निवडणारा कोण? तो माणूस नाही. कंपन्यांनी बनवलेला एक हिशेब आहे, त्याला अल्गोरिदम म्हणतात. शब्द अवघड आहे, काम समजायला सोपं आहे.

बाजारात तुमची ठरलेली मासळीवाली असते. तिला माहीत असतं की तुमच्या घरी बांगडा लागतो, सासूबाईंना मोरी चालत नाही. तुम्ही दिसलात की ती न विचारता बांगडे पुढे करते. अल्गोरिदमही असंच लक्षात ठेवतो. तुम्ही काय शोधलं, कोणता व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, कुठला अर्ध्यावर सोडला, कुठे बोट थांबलं, काय दुसऱ्यांदा बघितलं, कोणाला पाठवलं, याची तो नोंद ठेवतो. तुमच्यासारखं वागणाऱ्या इतर हजारो लोकांनी पुढे काय बघितलं तेही जुळवून पाहतो. त्यावरून अंदाज बांधतो की आता हिला काय दाखवलं तर ही उठणार नाही.

पण मासळीवाली आणि हा यांत मोठा फरक आहे. मासळी शिळी असेल तर तुमची मासळीवाली हळूच म्हणते, "आज नको घेव, उद्या ये." कारण उद्याही तिला तुमच्याच समोर बसायचं आहे. शिवाय तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीला ती तीन किलो बांगडा गळ्यात मारणार नाही. अल्गोरिदमला वय कळलं तरी दया कळत नाही. तुम्ही जितका वेळ बघाल तितक्या जाहिराती दिसतील, आणि जाहिरातींवर कंपनीची कमाई. आपल्याला फुकट मिळतंय असं वाटतं, पण विकायला ठेवलंय ते आपलं लक्ष.

हे किती मोठं आहे बघा. यूट्यूबचेच एक वरिष्ठ अधिकारी नील मोहन यांनी २०१८ साली जाहीरपणे सांगितलं होतं की लोक यूट्यूबवर जो वेळ घालवतात त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ यूट्यूबने स्वतः सुचवलेल्या व्हिडिओंवर जातो. म्हणजे दहा तासांतले सात तास आपण निवडलेलं बघत नाही, निवडून दिलेलं बघतो. २०२० साली टिकटॉकवर आपल्या देशात बंदी आली. लगेच रील्स आणि शॉर्ट्स आले. त्यात तर निवडायचा प्रश्नच उरला नाही, अंगठा वर सरकवला की पुढचं हजर.

आणखी एक लक्षात घ्या. या हिशेबाला आवड आणि दुःख यांतला फरक कळत नाही. एखादी मुलगी भीतीने थांबून बघते, एखादी रडत रडत बघते. त्याच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच, की ही थांबली, हिला आणखी द्या.

इंग्लंडमध्ये मॉली रसेल नावाची चौदा वर्षांची मुलगी होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिने जीव दिला. तिच्या वडिलांनी पाच वर्षं झगडून कंपन्यांकडून माहिती बाहेर काढायला लावली. शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर साठवलेल्या, पसंत केलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या १६,३०० गोष्टींपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा करणं आणि आत्महत्या यांबद्दलच्या होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या चौकशी अधिकाऱ्याने निष्कर्ष दिला की नैराश्याबरोबरच ऑनलाइन मजकुराच्या दुष्परिणामांचाही तिच्या मृत्यूत वाटा होता. कंपनीचा माल मुलीच्या मृत्यूला हातभार लावतो असं अधिकृतपणे नोंदलं गेलं, ही साधी गोष्ट नाही.

आणि कंपन्यांना हे माहीत नव्हतं असंही नाही. २०२१ साली फ्रान्सेस हॉगेन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईने कंपनीतले कागद बाहेर आणले. त्यात कंपनीच्याच संशोधनात लिहिलेलं होतं की दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या बाबतीत आपल्या शरीराविषयीचा न्यूनगंड इन्स्टाग्राममुळे वाढतो. आपल्या वाडीतली ती मुलगी त्या तिघींतलीच एक.

मुलगे काय बघतात?

आपण मुलींच्या फोनची झडती घेतो. मुलग्यांच्या फोनकडे कोण बघतं?

एका शाळेत नववीच्या मुलांशी बोलत होते. एक मुलगा, अगदी शांत, घरी आईला पाणी भरून देणारा, मला म्हणाला, "मॅडम, मुलींना डोक्यावर चढवून ठेवलंय." मी विचारलं, हे कुठून आलं? तो व्यायामाचे व्हिडिओ बघायचा. दंड कसे कमवायचे, छाती कशी रुंद करायची. तिथून 'खरा मर्द कसा असतो' यावर गाडी गेली, आणि तिथून 'बायका कशा फसवतात' यावर. त्याला वाटत होतं की हे त्याचं स्वतःचं मत आहे.

ब्रिटनमधल्या दोन विद्यापीठांनी २०२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. किशोरवयीन मुलग्यांच्या आवडीनिवडी धरून त्यांनी टिकटॉकवर खाती उघडली. पाच दिवसांत सुचवल्या जाणाऱ्या व्हिडिओंमध्ये स्त्रीद्वेषी मजकुराचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेलं. फक्त पाच दिवस! आपल्याकडे टिकटॉक नाही, पण रील्स आणि शॉर्ट्स याच तत्त्वावर चालतात.

म्हणजे एकाच घरात, एकाच वासरीवर, बहिणीला सांगितलं जातंय की तू बारीक हो, गोरी हो, आणि भावाला सांगितलं जातंय की बाई म्हणजे अशीतशी. दोघं शेजारी बसलेत, पण एकाला काय दिसतंय ते दुसऱ्याला माहीत नाही. आईला तर दोन्ही माहीत नाही.

होर्डिंग चौकात होतं तेव्हा

मला वाटतं, आपल्या चळवळीच्या दृष्टीने खरी अडचण इथे आहे. आपल्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी जाहिरातींतल्या आणि सिनेमातल्या बाईच्या चित्रणाविरुद्ध लढे दिले. अश्लील पोस्टरना काळं फासलं, मोर्चे काढले. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा १९८६ चा कायदा त्याच काळातला. ते का जमलं? कारण होर्डिंग चौकात होतं. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ते दिसत होतं. दहा बायका त्याच्याखाली उभ्या राहून म्हणू शकत होत्या की हे आम्हाला मान्य नाही.

आता होर्डिंग प्रत्येकीच्या तळहातावर आहे आणि प्रत्येकीचं वेगळं आहे. माझ्या मुलीला काय दाखवलं ते तुमच्या मुलीला दाखवलंच असेल असं नाही. मग निषेध कशाचा करायचा, कोणी करायचा?

दशावतार आठवा. देवळासमोर रात्रभर खेळ चालतो. आजी, नात, शाळेतले मास्तर, दारू प्यालेला माणूस, सगळे एकच खेळ बघतात. एखादा विनोद फार खालच्या पातळीवर गेला तर म्हाताऱ्या बायका मोठ्याने बोलतात, पोरं ते ऐकतात. पोराला कळतं की ह्याला गावात मान नाही. त्या सगळ्या टोकण्यातून मूल शिकत असतं. मोबाईलमध्ये प्रत्येकाचा खेळ वेगळा, आणि टोकायला शेजारी कोणी नाही. जुनं ते सगळं चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही, त्या सगळ्यांच्या नजरेनेच आपल्याला कितीतरी वर्षं दाबून ठेवलं. पण एकत्र बघण्याने जे मिळायचं ते आता आपल्याला ठरवून करावं लागेल.

घरात एकच फोन

इंग्रजी पुस्तकांत आणि शहरातल्या सल्ल्यांत गृहीत धरलेलं असतं की प्रत्येकाचा फोन वेगळा. आपल्या घरांत तसं नाही. 'असर' या प्रथम संस्थेच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांची माहिती आहे. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. तो वापरता येणाऱ्यांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन आहे, मुलींमध्ये फक्त २६.९ टक्के. बाकीची मुलं आईबापाचा, भावाचा फोन वापरतात.

याचा अर्थ काय? वडिलांनी रात्री जे बघितलं त्याचे भाऊबंद सकाळी मुलाच्या अभ्यासाच्या वेळी वर येतात. अल्गोरिदमला वाटतं, एकच माणूस बघतोय. एका आईने मला विचारलं, "माझा झील एवढा लहान, त्याला हे घाण कुठून दिसतं?" आम्ही दोघींनी बसून फोन तपासला. झिलाने काहीच शोधलं नव्हतं. पुढचं मी तिला सांगितलं नाही, तिचं तिला कळलं.

याची दुसरी बाजू आपल्या बायकांसाठी जास्त गंभीर आहे. आपल्याकडे येणारी एक बाई घरातल्या मारहाणीविरुद्ध कायदा काय आहे ते फोनवर शोधत होती. दोन दिवसांनी नवऱ्याने फोन उघडला तर वकिलांचे आणि पोटगीचे व्हिडिओ रांगेत उभे. त्या रात्री तिला काय सोसावं लागलं ते मी इथे सांगत नाही. पाळी चुकली म्हणून माहिती शोधणारी मुलगी असो, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी बोलणारी असो, फोन तिच्या आधी घरात चुगली करतो. म्हणून मुलांना सांभाळायचं म्हणजे त्यांच्यावर पाळत ठेवायची, असं मी म्हणणार नाही. पाळतीचा त्रास काय असतो ते आपल्याइतकं कोणाला माहीत आहे?

बंदी कोणावर येते

उपाय म्हटला की पहिला शब्द येतो बंदी. २०१६ साली गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावात पंचांनी अविवाहित मुलींना मोबाईल वापरायला बंदी केली. मुलग्यांना नाही, मुलींना. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या सगळ्यांसाठी मोबाईलबंदीचा ठराव केला. तो निदान मुलगा-मुलगी असा भेद न करता केला. तरी घराघरांत अशा बंदीचा अंमल आधी कोणावर होतो, हे वाडीतल्या त्या मुलीच्या गोष्टीवरून तुम्हाला कळलंच आहे.

शिवाय हाच फोन मुलींसाठी खिडकी आहे. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याच जिल्ह्यात, कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावची एक मुलगी डोंगरावर झोपडी घालून, तिथे रेंज मिळते म्हणून, भर पावसात पशुवैद्यकीचं शिक्षण घेत होती. तिच्या हातातला फोन काढून घेतला असता तर?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली वेगळी वाट धरली. करोनाच्या काळात पोरं मोबाईलला चिकटली ती सुटेनात. तेव्हा स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावात बायकांची सभा झाली, आणि रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरलं. मला यात दोन गोष्टी आवडतात. निर्णय बायकांच्या सभेत झाला, आणि फोन बंद ठेवायचे ते मोठ्यांनीही. पण भोंगा दीड तासाचा. उरलेल्या वेळात पडद्यावर काय येतं ते भोंग्याला कळत नाही. त्यासाठी आपल्याला वेगळं काम करावं लागेल.

काय करता येईल

मी गेल्या वर्षापासून जे करून पाहिलं तेवढंच सांगते.

पहिलं, मुलांबरोबर बसून बघा. आठवड्यातून एकदा अर्धा तास. झडती घ्यायची नाही. "तुझ्या फोनवर हे का आलं असेल?" असं विचारायचं, आणि आधी आपला फोन दाखवायचा. आई म्हणाली की "माझ्याकडे बघ कसले गोरं होण्याचे लेप आलेत," की मूलही उघडं होतं. मुलांना शोध लावायला आवडतं. आमच्या एका गटात मुलींनीच प्रयोग केला. दोन फोन घेतले, एकावर तासभर फक्त रांगोळी बघितली, दुसऱ्यावर फक्त भुताच्या गोष्टी. तासानंतर दोन्ही फोन शेजारी ठेवले. पुढे मला भाषण द्यावं लागलं नाही.

दुसरं, मुलांना तीन प्रश्न शिकवा. हे मी मागितलं की आपोआप आलं? हे मला दाखवून कोणाला पैसे मिळतात? हे बघून झाल्यावर मला कसं वाटतंय? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बघून झाल्यावर आपण कमी आहोत असं वाटत असेल, भीती किंवा राग येत असेल, तर ती थांबायची वेळ.

तिसरं, हिशेब बदलायला शिका आणि शिकवा. व्हिडिओच्या बाजूला तीन टिंबं असतात, तिथे 'नॉट इंटरेस्टेड' आणि 'हे चॅनेल सुचवू नका' असे पर्याय असतात. नावडतं चित्र बघून नुसतं पुढे सरकू नका, तिथे दाबा. यूट्यूबची वॉच हिस्ट्री पुसता येते आणि बंदही ठेवता येते. ती पुसून बंद केली तर पहिलं पान जवळजवळ रिकामं दिसतं, मग जे हवं तेच शोधून बघावं लागतं. आपोआप पुढचा व्हिडिओ लागणं, म्हणजे ऑटोप्ले, बंद करता येतं. इन्स्टाग्रामवर सगळ्या सुचवणुका पुसून नव्याने सुरुवात करता येते. एकच फोन असेल तर घरातल्या प्रत्येकाचं खातं वेगळं करा. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स आहे, तेही निर्धास्त होऊन हातात द्यायचं नाही, पण मोठ्यांच्या खात्यापेक्षा बरं. आणि ज्या बाईला स्वतःपुरतं काही शोधायचं आहे तिने इनकॉग्निटो खिडकी वापरावी, काम झालं की ती बंद करावी.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे येतं हे? 'असर'च्याच अहवालात आहे की सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांपैकी ६२ टक्क्यांना एखाद्याला ब्लॉक कसं करायचं ते माहीत आहे, आणि ५५.२ टक्क्यांना आपलं खातं खाजगी कसं करायचं ते येतं. म्हणजे वर्गात निम्म्याहून जास्त मुलांना येतं. तेव्हा मुलांनाच शिकवायला लावूया. आईला शिकवताना मुलीची मान ताठ होते हे मी पाहिलंय. आणि ज्या मुलांना येत नाही, त्यांना त्यांच्याच मैत्रिणी शिकवतील.

चौथं, वय खोटं लिहू देऊ नका. इन्स्टाग्रामची अट तेरा वर्षांची आहे. अठराच्या खालच्यांसाठी कंपनीने २०२५ मध्ये भारतात वेगळी, जास्त बंधनं असलेली खाती आणली. पण पोराने जन्मसाल २००० घातलं की हे सगळं संरक्षण गेलं. बऱ्याचदा ते साल आपणच घालून दिलेलं असतं.

पाचवं, काही बिघडलं तर मुलाने आपल्याकडे यावं यासाठी आधीच शब्द द्या. "तू काहीही बघितलंस तरी मी फोन मोडणार नाही आणि तुला मारणार नाही." हा शब्द दिला की पाळायचा. मुलांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यासाठी १९३०, आणि मन फार खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६, हे तीन नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून ठेवा.

सगळा भार आईवर नको

आता शेवटचं. हे सगळं ऐकून एखादी म्हणेल, म्हणजे पुन्हा आईनेच करायचं. काजू फोडून आली, स्वयंपाक केला, आता अल्गोरिदमही तिनेच सांभाळायचा. मूल बिघडलं तर आई कुठे होती, हा प्रश्न विचारणारे तयारच असतात. बाप कुठे होता, शाळा कुठे होती, ज्या कंपनीने हे बनवलं ती कुठे होती, हे कोणी विचारत नाही. ते आपण विचारायला हवं.

ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे, आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची खातरजमा केलेली संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि यातल्या मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. कागदावर हे चांगलं आहे. पण ज्या घरात आईला वाचता येत नाही तिथे ती कशाला संमती देणार? आणि मुलीला हवी ती माहिती बघायला बापाची परवानगी लागली तर? हे प्रश्न आपण आतापासून मांडले पाहिजेत. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांची सोशल मीडियावरची खाती बंद करण्याची जबाबदारी थेट कंपन्यांवर टाकली. तो मार्ग बरोबर की चूक यावर वाद होईल, पण त्यात दंड कंपनीला आहे, मुलाला आणि आईला नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

आपल्या हातात काय आहे? ग्रामसभा आहे. शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. वर्षातून दोनदा पालकांची, म्हणजे बापांचीही, अशी फोन शेजारी ठेवण्याची बैठक शाळेत घ्यावी अशी मागणी आपण करू शकतो. बचत गटाच्या महिन्याच्या सभेत हप्ते भरून झाले की दहा मिनिटं राखून ठेवू शकतो. मुलांच्या फोनवर या महिन्यात काय काय आलं ते एकमेकींना दाखवायचं आणि एका वहीत लिहायचं. एकीच्या मुलीला जे दिसलं ते तिचं नशीब वाटतं. दहा जणींच्या मुलींना तेच दिसलं असं वहीत निघालं की ती तक्रार होते. तळहातावरचं होर्डिंग पुन्हा चौकात आणायचं असेल तर मला तरी हाच रस्ता दिसतो.

ती मुलगी आता आमच्या किशोरी गटात येते. मागच्या महिन्यात धाकट्या मुलींना ती फोन दाखवत होती. एकीने विचारलं, "ह्या आपोआप कसा येता?" ती म्हणाली, "आपोआप काय येणा नाय. कोणतरी धाडता." मग तीन टिंबं कुठे असतात ते तिने दाखवलं.

आज घरी गेलात की जेवणं झाल्यावर सगळ्यांचे फोन मधे ठेवा, नवऱ्याचाही. पहिलं चित्र एकमेकांना दाखवा. आणि पुढच्या सभेला येताना वही आणायला विसरू नका.